नदी कुठं ओलांडायची? शिरूर-दौंडच्या रस्त्यांवर फोन आणि कागदी नकाशा

पुण्यातून पूर्वेकडे निघणारे दोन मोठे रस्ते जसजसे पुढं जातात तसतसे एकमेकांपासून लांब होत जातात. एक नगर रस्ता. वाघोली, कोरेगाव भीमा, शिक्रापूर, रांजणगाव करत तो शिरूरला घोड नदीकाठी पोचतो. दुसरा सोलापूर रस्ता. उरुळी कांचन, यवत, चौफुला, वरवंड, पाटस, कुरकुंभ अशी त्याची वाट, आणि पाटसहून किंवा कुरकुंभहून आत वळलं की दौंड. या दोन रस्त्यांच्या मधल्या पट्ट्यातून भीमा वाहते. तिच्या उत्तरेला शिरूर तालुका, दक्षिणेला दौंड. शिरूरच्या पूर्व अंगानं घोड येते आणि दौंडच्या वरच्या बाजूला भीमेला मिळते.

शिरूरहून दौंडला गाडीनं निघालेल्या माणसापुढं म्हणूनच खरा प्रश्न एकच असतो: नदी कुठं ओलांडायची? न्हावऱ्याहून सरळ दक्षिणेला गेलं तर नागरगाव आणि पारगावच्या मध्ये भीमा लागते, ती ओलांडली की चौफुला आणि तिथून सोलापूर रस्त्यानं पाटस, दौंड. न्हावऱ्याहून इनामगावकडे वळलं तर आधी घोड ओलांडून काष्टीला जायचं आणि मग भीमेचा पूल उतरून थेट दौंडात शिरायचं. पहिल्या वाटेवर एक नदी, दुसऱ्या वाटेवर दोन. भर उन्हाळ्यात या फरकाला फारसा अर्थ नसतो. ऑगस्टमध्ये मात्र तोच फरक सगळ्यात मोठा ठरतो.

फोनवरच्या मार्गदर्शनात हा प्रश्न कधी विचारलाच जात नाही. तिथं एक निळी रेघ असते, पोचायची वेळ असते आणि पुढच्या वळणाची सूचना असते. कागदी नकाशा उघडला की पहिली नजर नदीवर जाते, मग पुलांवर आणि मग रस्त्यांवर. दोन्ही साधनं आपापल्या जागी उत्तम आहेत. पण ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात, हे ओळखून वापरली तरच प्रवास सुखाचा होतो.

उपग्रह नेमकं काय सांगतो

फोन आपली जागा कशी ओळखतो, इथून सुरुवात करू. अमेरिकेच्या जीपीएस यंत्रणेचे तीसएक उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. प्रत्येकात अणुघड्याळ असतं. उपग्रह सतत एवढंच सांगत राहतो की मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजले आहेत. हा संदेश प्रकाशाच्या वेगानं, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर या वेगानं, आपल्यापर्यंत येतो. संदेश यायला किती वेळ लागला यावरून फोन त्या उपग्रहाचं अंतर काढतो. तीन उपग्रहांच्या अंतरांवरून जागा ठरते. फोनमधलं साधं घड्याळ अणुघड्याळाइतकं अचूक नसल्यानं त्याची चूक दुरुस्त करायला चौथा उपग्रह लागतो.

वेळेचं महत्त्व इथं किती आहे? एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकी चूक झाली तर जागा ३०० मीटरनं हलते. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेच्या नियमांनुसार उपग्रहातली घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला असे ३८ दशलक्षांश सेकंद पुढं जातात. हा फरक हिशेबात धरला नाही, तर एका दिवसात दहा किलोमीटरहून जास्त चूक साचेल.

ही यंत्रणा १९९५ मध्ये पूर्णपणे कार्यान्वित झाली. सुरुवातीला नागरी वापराच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळली जायची. मे २००० मध्ये अमेरिकेनं ती काढून टाकली आणि सामान्य माणसाच्या गाडीत ही सोय उपयोगी पडू लागली. भारतानंही ‘नाविक’ नावाची स्वतःची उपग्रह यंत्रणा उभारली. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सुटला आणि २९ मे २०२३ रोजी गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये भारतात तयार झालेलं अणुघड्याळ होतं.

फोन हे संदेश फक्त ऐकतो, उपग्रहाला उलट काही पाठवत नाही. त्यामुळे जागा कळायला इंटरनेट लागत नाही. रेंज गेली की अडतं ते पडद्यावरच्या नकाशाचं, कारण तो नेटवरून उतरत असतो. निघण्यापूर्वी दोन्ही तालुक्यांचा नकाशा फोनमध्ये साठवून ठेवला तर रेंज नसलेल्या शिवारातही आपला ठिपका बरोबर हलताना दिसतो.

आकाश मोकळं असेल तर साधा फोन काही मीटरच्या आत जागा सांगतो. खोल दरीत किंवा उंच इमारतींच्या मध्ये संकेत अडतात, भिंतींवरून परावर्तित होतात आणि चूक वाढते. शिरूर-दौंडचा मुलूख मात्र सपाट. उसाचे फड, बाजरी-कांद्याची रानं, माळ आणि वर उघडं आभाळ. इथं उपग्रह चुकण्याचं कारण जवळजवळ उरत नाही. तरीही गाड्या चुकतात. मग चूक होते कुठं?

ठिपका बरोबर, रस्ता चुकीचा

फोनवरच्या वाटाड्याची तीन कामं असतात: आपण कुठं आहोत ते सांगणं, जायचं ठिकाण नकाशावर शोधणं आणि दोन्हींच्या मधला मार्ग निवडणं. उपग्रहाचा संबंध फक्त पहिल्या कामाशी आहे. उरलेली दोन माणसांनी गोळा केलेल्या माहितीवर चालतात आणि आपल्याकडे घोळ होतो तो तिथं.

ठिकाणाच्या नावांपासूनच पाहा. शिरूर एक नाही. बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आणि शिरूर ताजबंद. म्हणून तर जुनी माणसं आणि कागदपत्रं शिरूर-घोडनदी असं जोडूनच म्हणतात. केडगाव दौंड तालुक्यात आहे, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळे ओळखलं जाणारं. आणि केडगाव नगर शहराला लागूनही आहे. शिरूरहून निघालेल्या माणसाला एक दक्षिणेला, दुसरं ईशान्येला. रांजणगावचा घोळ तर एकाच तालुक्यातला. महागणपतीचं रांजणगाव नगर रस्त्यावर, तर रांजणगाव सांडस तिथून दूर भीमेच्या काठी, मुळा-मुठा जिथं भीमेला मिळते तिथं. नुसतं रांजणगाव असं टाइप करून पहिल्या नावावर बोट ठेवलं, तर फोन इमानेइतबारे भलत्याच गावाला नेऊन पोचवेल.

मार्ग निवडण्याचं काम गणिताचं. सगळे रस्ते म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, आणि प्रत्येक रेघेवर लागणारा वेळ. कमीत कमी वेळ लागणारी साखळी शोधण्याची एक मूलभूत रीत एड्सगर डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञानं १९५९ मध्ये प्रसिद्ध केली आणि आजची अ‍ॅप्स तिच्याच सुधारलेल्या आवृत्त्यांवर चालतात. गणितात खोट नाही. प्रश्न असतो तो प्रत्येक रेघेवर लिहिलेल्या वेळेचा. नगर रस्त्यावर हजारो फोन एकाच वेळी धावत असतात, त्यांच्या वेगावरून कोंडी कुठं आहे ते लगेच कळतं. वाघोली-शिक्रापूरच्या पट्ट्यात ही माहिती लाखमोलाची आहे. पण दोन वस्त्यांच्या मधल्या रस्त्यावरून जाणारे फोन मोजकेच. तिथं वेळेचा अंदाज बऱ्याच अंशी गृहीतकावर उभा असतो.

या रस्त्यांना सार्वजनिक बांधकाम खात्याच्या भाषेत स्वतःची उतरंड आहे. राज्य मार्ग, मग प्रजिमा म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग, इजिमा म्हणजे इतर जिल्हा मार्ग, आणि शेवटी ग्रामीण मार्ग. त्याखाली शिव रस्ते, पाणंद, गाडीवाट आणि पायवाट. भूमी अभिलेखच्या गाव नकाशात गाडीवाट तुटक दुहेरी रेघेनं दाखवतात आणि पायवाट तुटक एकेरी रेघेनं. म्हणजे बैलगाडी जाईल की फक्त माणूस, हे रेघ पाहताच कळतं. फोनच्या पडद्यावर मात्र डांबरी ग्रामीण मार्ग आणि काळ्या रानातली पाणंद बहुतेक वेळा सारख्याच पांढऱ्या रेघेत दिसतात. चार मिनिटं वाचतात म्हणून अ‍ॅप पाणंदीत घालतं. मे महिन्यात गाडी धूळ उडवत निघूनही जाते. जुलैत काळी माती ओली झाली की चाकं जागच्या जागी फिरतात आणि मग ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

ऊस तुटायला लागला की आणखी एक गोष्ट घडते. दौंड आणि शिरूर हे दोन्ही साखर कारखान्यांचे तालुके. गाळप हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत रस्त्यावर असतात, आणि बऱ्याच ट्रॉल्यांना मागं दिवाही नसतो. शनिवारी काष्टीला जनावरांचा बाजार भरतो, टेम्पो आणि पिकअपची रांग लागते. दौंड शहरात रेल्वेमार्गाखालची कुरकुंभ मोरी तर वर्षानुवर्षं वाहनचालकांच्या बोलण्यातला विषय आहे. पाऊस झाला की तिथं पाणी साचतं. हे सगळं स्थानिक चालकाच्या डोक्यात असतं. बाहेरच्याला ते टपरीवर विचारूनच कळतं.

पाऊस मावळात, पूर दौंडला

या भागातलं सगळ्यात गंभीर प्रकरण पाण्याचं. शिरूर आणि दौंड हे पावसाच्या हिशेबानं कमनशिबी तालुके, पण त्यांच्या नद्या सह्याद्रीतून येतात. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, मुळशी आणि पवना या धरणांचं पाणी मुळा-मुठेतून भीमेत येतं. चासकमान आणि भामा आसखेडचं पाणीही भीमेतच. डिंभ्याचं पाणी घोडेत, माणिकडोह आणि येडगावचं कुकडीतून घोडेत. घाटमाथ्यावर दोन दिवस कोसळलं की धरणांचे दरवाजे उचलले जातात आणि शिरूर-दौंडच्या आभाळात ढग नसतानाही नदी दुथडी भरून वाहते.

पावसाळ्यात बातम्यांमध्ये दौंड इथला विसर्ग रोज सांगितला जातो, कारण तो पुढं उजनीत जमा होणार असतो. सोलापूरकर तो आकडा धरण किती भरेल यासाठी वाचतात. गाडी चालवणाऱ्यानं तोच आकडा पुलांसाठी वाचावा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लाख लिटर पाणी. एवढा लोंढा असताना सखल पूल आणि फरशी पूल यांचा भरवसा धरता येत नाही.

त्यात कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. भीमा आणि घोडेवर असे बंधारे ठिकठिकाणी दिसतात. पावसाळा सरला की त्यात ढापे टाकून पाणी अडवतात आणि पावसाळ्याआधी ढापे काढतात. वरच्या अरुंद पट्टीवरून दुचाक्या, कधी कधी चारचाक्याही पैलतीरी जातात. उंचावरून पाहिलं तर नदीवर आडवी सरळ रेघ दिसते, पुलासारखीच. पण तो बंधारा आहे, कठडे असतीलच असं नाही, आणि पुराचं पाणी त्याच्यावरून जातं.

हा धोका कल्पनेतला नाही. जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईकडे निघालेली पुण्याची मोटार रात्रीच्या वेळी अ‍ॅपनं दाखवलेल्या मार्गानं नगर जिल्ह्यातल्या कोतूळ-अकोले रस्त्यावर गेली. तिथला पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली होता. मोटार पाण्यात बुडाली, चालकाचा जीव गेला, सोबतचे बचावले. तो पूल वर्षातले काही महिने पाण्याखाली असतो, हे परिसरातल्या लोकांना ठाऊक होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या तुटलेल्या पुलावरून मोटार खाली कोसळून तिघांचा मृत्यू झाला. दोन्ही वेळा उपग्रहानं जागा अचूकच सांगितली होती. पुलाची खबर फोनमधल्या नकाशापर्यंत पोचली नव्हती.

कागदावर काय दिसतं

आता कागदाकडे वळू. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ साली स्थापन झाला आणि देशाचे स्थलदर्शक नकाशे आजही तोच काढतो. नेहमीच्या वापरातला नकाशा १:५०,००० या प्रमाणाचा, म्हणजे कागदावरचे २ सेंटिमीटर जमिनीवरचा १ किलोमीटर. जुन्या क्रमांक पद्धतीत शिरूर ४७ जे/५ या शीटवर येतं आणि दौंड ४७ जे/११ वर. मधला मुलूख पाहायचा तर ४७ जे/६ आणि ४७ जे/१० या शीटही शेजारी ठेवाव्या लागतात. एका शीटवर साधारण ७०० चौरस किलोमीटरचा प्रदेश मावतो. फोनचा पडदा तळहाताएवढा, आणि गाडी चालू असताना त्यावर पुढचे काहीशे मीटरच दिसतात.

ही शीट जवळून पाहावी. वाहतं पाणी निळं, कोरडे ओढे काळे. पक्के रस्ते लाल सलग, कच्चे रस्ते तुटक लाल. शेती पिवळी, झाडी हिरवी. तपकिरी समोच्च रेषा चढ-उतार सांगतात. दौंडच्या शीटवर त्या लांब लांब अंतरानं जातात, म्हणजे जमीन सपाट. काळी रेल्वे रेघ दौंडला येऊन मनमाड, सोलापूर आणि बारामतीच्या दिशांना फुटते. लाल रेघ निळीला कुठं छेदते ते बोट फिरवून मोजता येतं. शिरूर ते दौंडच्या पट्ट्यात पक्के पूल किती थोडे आहेत आणि एक बंद झाला तर दुसरा किती लांब आहे, हे असं पाहिल्यावर पहिल्यांदा समजतं. फोनवरही नकाशा लहान करून पाहता येतो, पण तेव्हा लहान रस्ते आणि गावांची नावं गळून पडतात.

कागदाची मोठी मर्यादा म्हणजे तो जुना होतो. सिद्धटेकचंच पाहा. अष्टविनायकातला हा गणपती भीमेच्या पैलतीरी, कर्जत तालुक्यात. पूर्वी दौंडच्या बाजूनं येणारे भाविक शिरापूरपर्यंत येऊन होडीनं नदी पार करत. आता पूल आहे, आणि रांजणगाव, सिद्धटेक, मोरगाव अशी फेरी करणाऱ्या गाड्या दौंडवरून सरळ सिद्धटेकला जातात. पुलाआधीचा नकाशा हाती असलेला माणूस आजही लांबचा वळसा घेईल. उजनीचंही तसंच. १९८० मध्ये धरण पूर्ण झालं आणि फुगवटा मागं दौंड तालुक्यापर्यंत आला. त्याआधी मोजणी झालेल्या शीटवर जिथं गावं आणि वाटा आहेत, तिथं आज पाणी आहे.

पण कागद आपलं वय लपवत नाही. प्रत्येक शीटच्या समासात मोजणीचं वर्ष छापलेलं असतं, त्यामुळे कशावर किती विसंबायचं ते वाचणारा ठरवू शकतो. फोनवरचा नकाशा सतत बदलत असतो, मात्र हा विशिष्ट रस्ता शेवटचा कधी तपासला ते आपल्याला दिसत नाही. त्याचा ताजेपणा शहरात मोठा असतो आणि आडवाटेला कमी. नेमकी जिथं गरज जास्त, तिथंच तो विरळ होतो.

रस्ता डोक्यात राहतो तो कसा

नकाशा वाचून गेलेला प्रवास आणि सूचना ऐकत केलेला प्रवास यांत मेंदूचं काम वेगळं असतं. लंडनच्या टॅक्सीचालकांना शहरातल्या हजारो गल्ल्या पाठ कराव्या लागतात. एलिनॉर मॅग्वायर यांच्या चमूनं २००० साली दाखवून दिलं की या चालकांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाचा मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा असतो. आपण कुठं आहोत याची नोंद ठेवणाऱ्या पेशींच्या शोधासाठी जॉन ओकीफ आणि मे-ब्रिट व एडवर्ड मोझर यांना २०१४ चं नोबेल मिळालं. २०१७ मध्ये लंडनमध्येच झालेल्या एका अभ्यासात, माणसं स्वतः वाट शोधत असताना नव्या गल्लीत शिरताच हा भाग जागा होताना दिसला. फक्त सूचना पाळणाऱ्यांमध्ये तसं झालं नाही.

याचा आपल्या रस्त्यांशी थेट संबंध आहे. दरवर्षी १ जानेवारीला पेरणे इथल्या जयस्तंभाला अभिवादन करायला फार मोठा समुदाय येतो, आणि नगर रस्त्याचा कोरेगाव भीमाजवळचा भाग इतर वाहतुकीसाठी बंद ठेवून पोलीस पर्यायी मार्ग जाहीर करतात. नगरकडून येणाऱ्यांना शिरूर, न्हावरा, पारगाव, चौफुला, यवत, हडपसर अशा मार्गे पाठवलं जातं. ही सूचना म्हणजे गावांच्या नावांची एक माळ. ज्यानं एकदा नकाशा नीट पाहिला आहे, त्याला ती ऐकताच दोन महामार्गांना जोडणारा आणि भीमा ओलांडणारा तो उभा रस्ता डोळ्यांपुढं येतो. ज्यानं फक्त निळी रेघ पाहिली आहे, त्याच्यासाठी ती नुसती अनोळखी नावं असतात.

दोन्ही कसे वापरावेत

म्हणून क्रम असा असावा. निघण्याच्या आदल्या दिवशी मोठा नकाशा पाहायचा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे ओपन सिरीज नकाशे त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. त्यावर नद्या आणि पूल शोधायचे, एक मुख्य वाट आणि एक पर्यायी वाट ठरवायची, आणि वाटेतली पाच-सहा गावं कागदावर ओळीनं लिहून काढायची. पावसाळा असेल तर दौंडचा विसर्ग आणि वरच्या धरणांची बातमी वाचायची. मग फोनमध्ये ठिकाण टाकायचं, नावासोबत तालुका तपासून. अ‍ॅपनं सुचवलेला मार्ग आपल्या गावांच्या यादीवरून जात नसेल, तर मधलं गाव थांबा म्हणून घालायचं, म्हणजे फोन आपल्या वाटेनं चालतो.

गाडी सुरू झाली की फोनच उत्तम. कोंडी तो सांगतो, फाटा चुकला तर पुन्हा वाटेला लावतो, रात्री अनोळखी वस्तीवर आपली जागा घरच्यांना किंवा १०८ च्या रुग्णवाहिकेला कळवतो. कागद स्टिअरिंगवर पसरून चालवणं धोक्याचंच. मात्र रस्ता अरुंद होत गेला, डांबर संपलं, किंवा समोर पाणी दिसलं, तर फोनचं ऐकणं तिथंच थांबवावं. बाजूचे मैलाचे दगडही पाहावेत. पिवळा माथा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्य मार्गाचा, नारिंगी ग्रामीण रस्त्याचा. आणि पूल ओलांडण्यापूर्वी अलीकडच्या टपरीवर एक वाक्य विचारावं, "दादा, पाणी पुलावरून जातंय का?" या प्रश्नाचं ताजं उत्तर त्या क्षणी कुठल्याही उपग्रहापेक्षा त्या माणसाकडे असतं.

एक काम गावपातळीवरही व्हायला हवं. प्रत्येक तालुक्याचा रस्ते नकाशा, त्यावर पूल, फरशी पूल आणि बंधारे वेगवेगळ्या खुणांनी दाखवलेले, एसटी स्थानकात आणि ग्रामपंचायतीसमोर लावला, तर बाहेरचा चालक तो फोनमध्ये टिपून घेईल आणि शाळेतली मुलं तो वाचायला शिकतील. आपली नदी कुठून येते, कुठं ओलांडता येते आणि कधी ओलांडू नये, हे शिरूर-दौंडच्या प्रत्येक चालकाला नकाशावर बोट ठेवून सांगता आलं पाहिजे. तेवढं ज्ञान असलेल्या माणसाच्या हातात फोन हे फार चांगलं साधन आहे.